टॉवेलखालची तीन मिनिटे

“वास येतोय?” मी विचारले.

मास्कच्या काचेमागे जनार्दन शिगवणचे डोळे बारीक झाले. रबरातून त्याचा आवाज घुमत आला. “येतोय, साहेब. पिकलेलं केळं.”

“वेलची का बसराई, ते पण सांग की,” बाकावर बसलेला घाग म्हणाला.

“तुला काय करायचंय? तुला त्यातलं अर्धं पण मिळायचं नाय.”

मी कापसाचा बोळा बाटलीत टाकून बूच लावले. केळ्यासारख्या वासाचे एक रसायन असते. ते कापसावर घेऊन मास्कच्या कडेने फिरवायचे. आतल्या माणसाला वास आला, तर मास्क चेहऱ्यावर नीट बसलेला नाही, असा त्याचा सरळ अर्थ. जनार्दनच्या मास्कमध्ये दोष नव्हता. दोष त्याच्या चार महिने वाढलेल्या दाढीत होता.

कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना आता बंद आहे. मी तिथे सुरक्षा अधिकारी होतो. आमच्याकडे अमोनियावर चालणारे मोठे शीतयंत्र होते, आणि गळती झालीच तर आत जाण्यासाठी कामगारांचे एक छोटे पथक मी तयार केले होते. पाठीवर हवेचे सिलिंडर, चेहऱ्यावर रबरी मास्क. मास्क जुन्या बनावटीचे होते. श्वास ओढला की आतला दाब कमी होई, आणि जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत शिरे. गालावरच्या केसांची जाडी नखाएवढीही नसते. पण रबर आणि कातडी यांच्यामध्ये असे हजारो केस असले, की ती फट नसते, ती जाळी असते. मी स्वतः मास्क लावू शकत नसे. माझ्या चष्म्याच्या काड्या रबराखालून जात, आणि चष्मा काढला तर मला शिडी आणि भिंत यांतला फरक कळत नसे.

जनार्दन माझा सर्वांत भरवशाचा माणूस होता. बाकीचे गेल्यावर मी त्याला थांबवून घेतले.

“दाढी काढ. नाहीतर पथकातून नाव कमी करावं लागेल.”

“करा कमी,” तो शांतपणे म्हणाला.

“कारण?”

तो मास्क पुसत राहिला. मग म्हणाला, “शेवंतीला दिवस गेलेत. आमच्यात बायको दिवसांत असली की नवरा दाढीला वस्तरा लावत नाय. आधीची दोन पोरं हातची गेली, साहेब. दोन्ही वेळा मी तुमच्या पथकात होतो. रोज घोटून दाढी.”

“दोन प्रसंगांवरून नियम सिद्ध होत नाही, जनार्दन.”

“मला ठाऊक हाय.”

“मग?”

“माझा कुठं विश्वास हाय? पण तिचा हाय. आणि दाढी ठेवायला माझं काय जातं, सांगा. ती रात्रीची झोपते. आधी झोपत नव्हती. पोटावर हात ठेवून नुसती बसायची.” त्याने मास्क खुंटीला टांगला. “मी तिला शब्द दिलाय.”

माझा यावर आक्षेप नव्हता. श्रद्धेशी माझे भांडण पुराव्यापुरते असते. एखाद्या बाईच्या झोपेशी माझे काही भांडण असण्याचे कारण नव्हते. मी त्याचे नाव पथकातून काढले आणि त्याच्या जागी मोरेश्वर घागला घेतले.

घाग हा रंगेल माणूस. केसांना तेल, खिशात कंगवा. पण दाढीच्या बाबतीत तो पुरता रानटी होता. थंड पाणी, अंघोळीचा साबण आणि महिनाभर चाललेले एकच पाते. त्याचे गाल जागोजाग ओरबाडलेले असत, आणि त्या ओरबाड्यांच्या मध्ये खुंटांची बेटे शिल्लक राहिलेली असत. केळ्याच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला. शेवटी मी कॅन्टीनच्या मागच्या न्हाणीत त्याला समोर बसवले. पथकातला दुसरा गडी उतेकर आणि जनार्दन गंमत बघायला उभे राहिले.

“दाढीचा कोरडा केस तांब्याच्या तारेसारखा चिवट असतो,” मी सांगायला लागलो. “पण केस पाणी पितो. दोन-तीन मिनिटं ओल्या उष्णतेत राहिला की फुगतो, मऊ होतो, आणि कापायला जोर फार कमी लागतो. म्हणून आधी साबणानं चेहरा धुवायचा, म्हणजे तेलकटपणा जातो. तेल असलं की पाणी आत शिरत नाही. मग गरम पाण्यात पिळलेला टॉवेल. मग फेस. फेस शोभेसाठी नाही, केसांतलं पाणी वाळू नये म्हणून. ब्रश गोल फिरवायचा, म्हणजे आडवे पडलेले केस उभे राहतात. आणि पातं पहिल्यांदा केसांच्या दिशेनं. उलटं नाही.”

“साहेब, एवढ्यात आमची म्हैस दोन वेळा दूध देईल,” घाग टॉवेलखालून म्हणाला.

“तुझ्या थोबाडापेक्षा म्हशीचं मऊ असेल,” जनार्दन म्हणाला.

“तू बोलू नको, बुवा. तुझ्या दाढीत चिमण्या घरटं करतील.”

त्या विधीला त्यांनी ‘आगाशे साहेबांचा अभिषेक’ असे नाव पाडले. पण घाग तिसऱ्या वेळी पास झाला. बोळा कितीही फिरवला तरी त्याला वास आला नाही. आरशात स्वतःचा गाल चाचपत तो म्हणाला, “अरेच्चा. लग्नात पण एवढा गुळगुळीत नव्हतो मी.”

जनार्दनने त्या दिवशी आपल्या दाढीवरून नकळत हात फिरवला. ती हनुवटीखाली चार बोटे आली होती.

गळती झाली तेव्हा शेवंतीला आठवा महिना संपत आला होता. रविवार होता, दुपारची वेळ. कारखान्यात देखभालीपुरती माणसे होती, जनार्दनही त्यांत होता. यंत्रघराच्या दारातून पांढुरका धूर यायला लागला आणि डोळ्यांची आग सुरू झाली, तेव्हा घाग आणि उतेकर यांनी सिलिंडर आणि मास्क असे दोन सेट चढवले. एक मोठी झडप बंद करायची होती, एवढेच काम. ते आत गेले. पहारेकऱ्यांनी दारावर पाण्याचा फवारा धरला, कारण अमोनिया पाण्यात विरघळतो. मी तालुक्याच्या अग्निशामक दलाला फोन केला. त्यांना यायला तास लागणार होता.

थोड्या वेळाने उतेकर एकटाच बाहेर आला, धडपडत. एका पाइपला आपटून त्याचा मास्क सरकला होता. तो दारापासून दूर जाऊन वाकला आणि ओकायला लागला. ओकता ओकता त्याने सांगितले की झडप बंद झाली आहे, पण खोलीत भरलेला वायू आहे तसाच आहे. घाग शिडीवरून खाली उतरताना पडला, त्याचा पाय पाइपांच्या बेचक्यात अडकला आहे आणि निघत नाही.

“शुद्धीवर आहे?”

“आहे. मास्क नीट आहे त्याचा. मला म्हणाला, जा, बाहेर जा.”

मग आम्हाला सर्वांनाच ऐकू आले. आतून ठोकल्याचा आवाज. घाग पान्याने पाइपवर ठोकत होता. सावकाश, थांबून थांबून. हवा वाया जाऊ नये म्हणून घाई करायची नाही, हे मीच त्याला शिकवले होते.

त्याच्या सिलिंडरमध्ये फार तर वीस मिनिटांची हवा उरली असावी. तिसरा सेट खोक्यात तयार होता. तो चालवायला शिकलेले दोनच लोक तिथे उभे होते. त्यातल्या एकाच्या डोळ्यांवर चष्मा होता.

मी जनार्दनला काहीही म्हणालो नाही. हे मी स्पष्ट सांगतो. कारण पुढे जे घडले त्यात नेमके कोण काय म्हणाले याला महत्त्व आहे. मी त्याच्याकडे पाहिलेही नाही. मी यंत्रघराच्या दाराकडे पाहत होतो. त्यानेच माझा दंड धरला.

“गरम पाणी कॅन्टीनात हाय,” तो म्हणाला. “चला.”

न्हाणीत कात्री प्रथमोपचाराच्या पेटीतली होती. दाढीची मूठ धरून मी ती मुळाजवळ कापली. एकेका घासात केसांचे झुबके खाली पडत होते आणि तो वर छताकडे बघत होता. कात्रीने काढून उरले ते तांदळाएवढे खुंट. साबणाने चेहरा धुतला.

“आता ओढा पातं,” तो म्हणाला. “घ्या चटकन.”

“नाही. टॉवेल.”

“साहेब, तो ठोकतोय तिकडं.”

“ऐकू येतंय मला. ही कित्येक महिन्यांची दाढी आहे, खुंट चिवट आहेत. असेच ओढले तर निम्मे राहतील आणि गाल सोलला जाईल. रक्तावर रबर घसरतं. तू आत जाऊन पाच पावलांवर परत येशील, आणि मग दुसऱ्यांदा करायला वेळ नसेल. तीन मिनिटं.”

मी वाफाळता टॉवेल पिळून त्याच्या तोंडावर दाबला. हाताला चटका बसत होता. मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मला त्याच्या कानाजवळ दिसत होता. मी आयुष्यात अनेक प्रयोगांसाठी थांबलो आहे. त्यांतल्या कोणत्याही वेळी थांबण्याचा हिशेब मला चुकीचा वाटला नव्हता. त्या दिवशी, तो बरोबर आहे हे माहीत असूनही, वाटला. न्हाणीच्या झरोक्यातून आवाज येत होता. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग ठक.

“साहेब,” टॉवेलखालून तो म्हणाला.

“बोल.”

“हा गाढव आठवड्यापूर्वी मला म्हणत होता, पोरगा झाला तर मी सोन्याचं पाणी दिलेले वाळे देणार. म्हटलं, पाणीच देणार तू.”

 थोड्या वेळाने मला एक गोष्ट सुचली. सुचायला उशीर झाला होता, पण ती बरोबर होती.

“जनार्दन, सगळी काढायची गरज नाही. मास्कची कड टेकते ती गालावर आणि हनुवटीच्या खाली. हनुवटीवरची थोडी आत राहिली तरी चालेल. वस्तरा लागला नाही असं तेवढ्या जागेपुरतं म्हणता येईल.”

टॉवेल हलला. तो हसत होता, की दुसरे काही, ते मला दिसले नाही.

“बोकडासारखी? आणि तिला काय सांगू? थोडी ठेवली, थोडी काढली, देवानं तेवढ्यात भागवून घ्यावं?” तो थांबला. “नको. शब्द मोडायचा तर सरळ मोडू.”

मी टॉवेल काढला. चेहरा लाल झाला होता, कातडी मऊ आणि ताणलेली. ब्रशने फेस केला, गोल फिरवून केस उभे केले. पाते नवे बसवले आणि रेझर त्याच्या गालाजवळ नेला. त्याने माझे मनगट धरले.

“द्या इकडं. माझी मी काढणार. तुम्ही आरसा धरा.”

“केसांच्या दिशेनं. उलटं नाही.”

“ठाऊक हाय.”

मी आरसा धरला. त्याने पहिला पट्टा कानापासून खाली ओढला. पाते अडले नाही. केस फेसाबरोबर निघून आले आणि खाली माणसाचा गाल दिसला, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा. उन्हाने रापलेल्या कपाळाखाली तो पांढराफटक वाटला. त्याने दुसरा पट्टा घेतला. तिसरा.  हनुवटीखाली तो क्षणभर थांबला. ठक, असा आवाज आला. त्याने मान वर केली आणि ते सगळे काढून टाकले.

मी चेहरा कोरडा पुसला. ओल्या कातडीला अमोनिया जास्त लागतो. मास्क चढवला, पट्टे ओढले, नळीच्या तोंडावर तळवा दाबला. त्याने श्वास ओढला. मास्क गालांना चिकटला, आणि चिकटलेला राहिला. कुठेही फट नव्हती.

तो धुरात गेल्यावर ठोकणे थांबले. ते का थांबले, हे बाहेरून कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. मग दारात दोन आकृती दिसल्या. एक दुसरीच्या खांद्यावर होती.

झाडाखाली घागचा मास्क काढला. त्याचे डोळे पाण्याने भरलेले होते आणि घोटा भलत्याच बाजूला वळला होता. त्याने समोरच्या माणसाकडे टक लावून पाहिले.

“कोण रे तू?” मग ओळख पटली. “जना? आयला, ओळखलाच नाय मी तुला!”

भोवतीचे सगळे हसले. भीती सरल्यावर माणसे हसतात तसे. जनार्दनही हसला, आणि हसता हसता त्याचा हात हनुवटीकडे गेला. तिथे काही नव्हते. मास्कच्या कडेखाली त्याच्या गळ्यावर भाजल्याची लाल रेघ उठली होती.

संध्याकाळी तो बराच वेळ कॅन्टीनमध्ये बसून होता. मी म्हणालो, “मी येतो तुझ्याबरोबर. तिला समजावून सांगतो.”

“नको, साहेब. माझं मी बघतो.”

तीन आठवड्यांनी शेवंतीला मूल झाले. ते मेलेलेच जन्माला आले. मुलगा होता.

बातमी मला उतेकरने सांगितली.  जनार्दन कामावर आला तेव्हा त्यानेच मला गाठले. डॉक्टरांनी त्याला सांगितले होते की नाळेला गाठ पडली होती, घट्ट.

“ते गाठीचं तुम्ही तिला नीट सांगा,” तो म्हणाला. “माझं ऐकून घेत नाय. माझ्याशी बोलतच नाय. जेवण वाढते आणि आत जाते. तुमचं ऐकेल.”

मी त्या विषयातली दोन पुस्तके वाचली आणि जाणत्या डॉक्टरांना भेटलो. मला हवे होते ते मिळाले. अशी गाठ बहुतेक वेळा आधीच्या महिन्यांत पडते, मूल लहान असते आणि त्याला फिरायला जागा असते तेव्हा. पुढे कधीतरी ती आवळली जाते. म्हणजे मुळात गाठ पडली तेव्हा जनार्दनची दाढी जागच्या जागी होती. माझ्या दृष्टीने प्रश्न संपला होता. इतका निर्णायक पुरावा क्वचित हाती लागतो.

त्यांचे घर वसाहतीपासून दोन डोंगर पलीकडे होते. चिऱ्याच्या भिंती, सारवलेली ओटी. शेवंती भिंतीला टेकून बसली होती. मी तिला त्याआधी एकदाच पाहिले होते, कारखान्याच्या पूजेच्या दिवशी. तेव्हा ती मोठ्याने हसणारी बाई वाटली होती. जनार्दन दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. त्याची दाढी रोजच्यासारखी केलेली होती.

मी सांगितले. हातातल्या रुमालाला गाठ मारून दाखवली. महिने सांगितले. मूल आत फिरते कसे, नाळ कशी असते, कधी आवळते. मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत आणि एकही गोष्ट न वाढवता बोललो. तिने सगळे ऐकले. मध्ये एकदाही मान हलवली नाही.

माझे बोलून झाल्यावर ती म्हणाली, “साहेब, एक विचारू?”

“विचारा.”

“दाढी काढली कोणी?”

मला प्रश्न कळला नाही. “म्हणजे?”

“वस्तरा कोणाच्या हातात होता? हे म्हणतात, मी माझी काढली. माझ्यासमोर शब्द दिलान आणि आपल्या हातानं काढली, असं मला तोंडावर सांगतात. तुम्ही तिथं होतात. तुम्ही खोटं नाय बोलणार, हे हेच मला सांगत असतात नेहमी. तुम्ही सांगा.”

गाठ असलेला रुमाल अजून माझ्या हातात होता. तो आता निरुपयोगी होता. तिला कारण नको होते. तिला दोष देण्यासाठी माणूस हवा होता, आणि जो होता त्याच्याबरोबर तिला उरलेले आयुष्य काढायचे होते. तिच्या डोळ्यांत मला जे दिसले तो संशय नव्हता. ती आशा होती.

“मी काढली,” मी म्हणालो. “तो नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. माझा माणूस आत अडकला होता. त्याला खाली बसवला आणि मी काढली.”



 शेवंतीने नवऱ्याकडे मान वळवली. “मग मला खोटं कशाला सांगितलंत? साहेबांना वाचवायला?”

जनार्दनने तोंड उघडले. तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. आणि मिटले.

“सकाळपासून पोटात काय गेलंय का तुमच्या?” ती त्याला म्हणाली, आणि हुंदका फुटला. ती चेहऱ्यावर पदर ओढून रडायला लागली. जनार्दन जाऊन तिच्याजवळ बसला. तिने त्याचा हात दूर केला नाही.

मला कोणी चहा विचारला नाही. मी चपला घातल्या.

तो मला सोडायला खालच्या वाटेपर्यंत आला. करवंदीच्या जाळ्यांमधून आम्ही पुढेमागे चालत होतो. वाट रुंद झाली तेव्हा तो थांबला.

“ती मी काढली होती, साहेब.”

“माहीत आहे मला.”

“मग तुम्ही असं का सांगितलंत?”

“तिला कोणावर तरी दोष ठेवायचा होता. माझ्यावर ठेवला तर तिचं काही बिघडत नाही. मी इथे राहत नाही.”

“ते माझं होतं,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. “घाग ठोकत होता आणि मी ठरवलं. कोणी सांगितलं नाय, कोणी धरलं नाय. म्हणून तर तुमच्या हातून वस्तरा घेतला. तिला मी खरं सांगितलं. ती बोलली नसती महिनाभर, वर्षभर. पण एक दिवस मला म्हणाली असती, बरं केलंत. नायतर नसती म्हणाली. पण मला म्हणाली असती.”

“आज ती तुझ्याशी बोलली, जनार्दन.”

“माझ्याशी नाय बोलली. तुम्ही ज्याला धरून बसवलात, त्याच्याशी बोलली.”

मी म्हणालो, “मग तिला खरं सांग. मी चुकलो म्हणून सांग.”

“आता कसं सांगू? ती म्हणेल, हे पुन्हा साहेबांना वाचवतायत.” तो वाटेवरच्या एका दगडाकडे बघत राहिला. “आणि दुसरं असं, की मला आता सांगवणार नाय. आत्ता जवळ बसू दिलान तिनं. तुम्ही सोपं करून ठेवलंत.”

त्याने मला नमस्कार केला आणि तो वर गेला. मी त्याच्या युक्तिवादात चूक शोधत रस्त्यापर्यंत आलो. एस.टी. येईपर्यंत शोधत होतो.

त्यानंतर तो माझ्याशी नीट वागला. कामाचे बोलला, विचारलेल्याचे उत्तर दिले. केळ्याच्या परीक्षेत पुन्हा विनोद केला नाही, आणि मी त्याला हसवायचा प्रयत्न केला नाही. पुढल्या वर्षी मी दुसऱ्या नोकरीसाठी पुण्याला गेलो.

चारेक वर्षांनी घाग काही कामासाठी पुण्यात आला होता. पायात अजून थोडी लचक होती, केस तसेच चापून बसवलेले. हॉटेलात समोरासमोर बसल्यावर त्याने सगळ्यांच्या बातम्या दिल्या. उतेकर फोरमन झाला होता. शीतयंत्र नवे आले होते. आणि जनार्दनला मुलगी झाली होती, गुटगुटीत.

“ह्या वेळी पठ्ठ्यानं पथकातून आधीच नाव काढून घेतलं,” घाग म्हणाला. “पहिल्या दिवसापासून दाढी. वस्तऱ्याचं नाव नाय. शेवटी शेवटी तर साधूच दिसायचा. आणि पोरगी काय झाली म्हणता, नुसतं लोणी!”

म्हणजे शेवंतीच्या हिशेबात आता वस्तरा लागला ती तीन मुले गेली होती आणि वस्तरा लागला नाही ती एक मुलगी जगली होती. एवढ्या नोंदींवरून काहीही सिद्ध होत नाही, हे मी घागला सांगितले नाही.

“मी वाळे दिले, खरे चांदीचे,” तो म्हणाला. “माझ्या जिवाची किंमत म्हणून. जना घेत नव्हता. शेवंतीवहिनीनं घेतले.” त्याने बशीतला चहा फुंकला. “पण तुम्ही बारशाला आला नाहीत, साहेब. मी वाट बघत होतो. मी जनाला विचारलं पण, आगाशे साहेबांना बोलावलंस ना? तर म्हणाला, हो, कळवलंय की. पत्र टाकलंय.”

मला पत्र आले नव्हते. कोणाच्या हातीही निरोप आला नव्हता. ते येणारही नव्हते; त्या घरात मला काय तोंडाने बोलावणार होते, आणि शेवंतीने ते का चालवून घ्यावे? जनार्दन शिगवणला खोटे बोलता येत नसे, हे मला माहीत होते. निदान मी तिथे असेपर्यंत येत नसे.

घाग उत्तराची वाट पाहत होता.

“हो,” मी म्हणालो, “आलं होतं त्याचं पत्र. मलाच जमलं नाही.”